जुनी जिप्सी घ्यायचा विचार आहे, पण जिम्नीशी तिचं नातं नेमकं काय?

कराडचा_ओंकार

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसताच वाचक होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

पाटणच्या अलीकडं एका बागायतदारांकडं १९९७ ची मारुतीची जिप्सी किंग विकायला आहे. पांढरी, हार्ड टॉप, कार्ब्युरेटरवाली. आठवड्यातून एकदा डेअरीपर्यंत जाते, बाकी वेळ शेडमध्ये. किंमत जमतेय, अडचण घरात आहे. वडील म्हणतात, "ही जिम्नीच, फक्त म्हातारी. मग नवीच बघ की." मामेभाऊ म्हणतो जिम्नीचा आणि जिप्सीचा काडीचा संबंध नाही, जिप्सी आपल्या मिलिटरीसाठी इथंच तयार केलेली गाडी. दोघंही ठाम. दोघांनाही विचारलं की कशावरून, तर दोघंही चहा प्यायला लागले.

तर जाणकारांनी सांगावं, कोण कुणाची कोण? आणि एवढीशी गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, करायचं डोक्यात आलं तरी कुणाच्या?

रानवाट

+१. वाचतोय. नाना दिसले की नाही अजून?

ईएमई_नाना

दिसलो. नातवाला क्लासला सोडून आलो.

ओंकार, तुझे वडील निम्मे बरोबर आणि मामेभाऊ पाव. मी लष्कराच्या ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, व्हेईकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. जिप्सी मी वरून कमी आणि खालून जास्त बघितली आहे, तेव्हा सुरुवात चासीपासून, म्हणजे खालच्या सांगाड्यापासून, करायची सवय आहे. पण तू इतिहास विचारलास म्हणून जपानापासून सांगतो.

पहिली गोष्ट, ही गाडी सुझुकीच्या घरात जन्मलेली नाही. होप मोटर नावाची एक छोटी जपानी कंपनी होती. तिनं १९६७ च्या अखेरीला ओएन-३६० नावाची उघडी, बिनदाराची, चारही चाकांना ताकद देणारी गाडी काढली. इंजिन मित्सुबिशीचं. मोजक्याच गाड्या झाल्या आणि कंपनीला पुढं झेपेना. १९६८ मध्ये सुझुकीनं त्या गाडीचे हक्क विकत घेतले. त्यामागं होते ओसामू सुझुकी. सुझुकींचे जावई, लग्नानंतर सासरचं आडनाव लावलेले. तेव्हा ते अध्यक्ष नव्हते, ते झाले १९७८ ला. पुढं १९८२ मध्ये मारुतीचा करार झाला तो ह्यांच्याच काळात. कंपनीतल्या बऱ्याच जणांना होपचा सौदा पटला नव्हता म्हणतात. बुडत्या दुकानातला माल कोण घेतो?

सुझुकीनं मित्सुबिशीचं इंजिन काढून स्वतःच्या कॅरी टेम्पोतलं बसवलं आणि एप्रिल १९७० मध्ये पहिली जिम्नी आली. मॉडेल एलजे१०. ३५९ सीसी, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, पाणी नाही, वाऱ्यावर गार होणारं. ताकद २५ अश्वशक्ती. म्हणजे बुलेटच्या मापाचं इंजिन, आणि ते ६०० किलोची लोखंडी गाडी चिखलातून ओढतंय.

आता एवढीशी का? तर सरकारी नियम. जपानात छोट्या गाड्यांचा 'केई' नावाचा वर्ग आहे, त्यात बसली की कर कमी. त्या वेळची मापं होती लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर, इंजिन ३६० सीसी. एलजे१० ची लांबी २,९९५ मिलिमीटर आणि रुंदी १,२९५. दोन्हीकडं मोजून ५ मिलिमीटर सोडलेत. आमच्या भागात सख्खे भाऊ बांधाला एवढी जागा सोडत नाहीत.

आणि त्या ५ मिलिमीटरपायी काय करावं लागलं बघ. स्टेपनी मागं टांगली तर गाडी ३ मीटरच्या पुढं जाते. मग मागची एक सीट काढली आणि तिच्या जागी स्टेपनी आत उभी केली. म्हणून पहिली जिम्नी तीन माणसांची. चौथा प्रवासी म्हणजे स्टेपनी!

पण जिथं काटकसर करायची नाही तिथं केली नाही. शिडीसारखी चासी, पुढं-मागं दोन्हीकडं सलग अॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा), कमानपाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग), लो गेअरवाला ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणारी पेटी, लो गेअरला वेग कमी आणि जोर जास्त), १६ इंची चाकं. मोठ्या जीपचा सगळा सांगाडा. ५५ वर्षं होऊन गेली, शिडीची चासी, सलग अॅक्सल आणि लो गेअर ह्या तीन गोष्टींना कुणी हात लावलेला नाही. बाकी सगळं बदललं.

पुढचं भराभर सांगतो. १९७२ ला इंजिन पाण्यावर गार व्हायला लागलं. १९७६ ला केईची मर्यादा ५५० सीसी झाली, तसं तीन सिलिंडरचं ५३९ सीसी आलं. १९७७ ला बाहेरच्या देशांसाठी चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक, ७९७ सीसी. मग १९८१ ला दुसरी पिढी, चौकोनी तोंडाची. बाहेरच्या देशांसाठी तिच्यात ९७० सीसीचं इंजिन घातलं आणि नाव दिलं एसजे४१०.

इथं थांब. हीच तुझी जिप्सी.

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीनं हीच गाडी भारतात आणली, फक्त लांब करून. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जपानी गाडीत २,०३० मिलिमीटर, आपल्यात २,३७५. जपानी माणसाला ती दोघांची गाडी. आपल्याला मागं समोरासमोर बाकं टाकून सहा माणसं, एक ट्रंक आणि एक शेळी न्यायची असते. सुरुवातीला चारच गेअर. १९९३ ला डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलं. १९९६ ला किंग आली, १,२९८ सीसी, पाच गेअर. तू बघतोयस ती ही. २००० ला एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल देणारं इंजिन आलं, ८० अश्वशक्तीचं. २०१९ ला उत्पादन बंद झालं तेव्हासुद्धा खाली कमानपाटेच होते. जपानात ते १९९५ मध्येच काढून कॉइल स्प्रिंग बसवले होते. आमच्या कमरांना हे कुणी कळवलं नाही.

तर नातं असं. जिप्सी दुसऱ्या पिढीतली. आज शोरूममध्ये उभी आहे ती जिम्नी चौथ्या पिढीतली. मधली तिसरी पिढी, १९९८ ते २०१८, जरा गोलसर तोंडाची, ती आपल्या रस्त्यावर आलीच नाही. आपण आजी बघितली आणि एकदम नात बघितली, आई इकडं फिरकलीच नाही. म्हणून तुझ्या मामेभावाला तोंडवळा जुळत नाही. वडिलांना नाक ओळखू आलं.

रानवाट

शेळी 🙏

मोहर्ली_गेट

नाना, आमच्या ताडोब्यात तर गाडी कोणतीही असो, तिला जिप्सीच म्हणतात. पर्यटक बुकिंग करतानाच विचारतात, "जिप्सी मिळेल ना?" मी स्वतः तेरा वर्षं चालवली. वरचं टप काढून मागे उंच बाकं बसवली की सहा पाहुणे, एक गाईड आणि मी. फोर बाय फोरचा दांडा मी वर्षातून मोजून दोनदा ओढला असेल, तोही पावसाळ्याच्या तोंडावर. खरी कमाई म्हणजे पेट्रोलचं इंजिन. बंद करून उभं राहिलं की जंगल ऐकू येते, आणि पुन्हा चालू केलं तर सांबर कान टवकारते, पळत नाही. डिझेलवाल्या गाडीनं दोन घाट दूरचं जनावर उठते.

पण ओंकारभाऊ, अॅव्हरेजचं विचारू नका. ते विचारायचं असेल तर गाडी घेऊ नका.

पुणेरी_पॅसेंजर

नाना, माहिती उत्तम. दोन शंका.
१) ही गाडी उलटते म्हणून अमेरिकेत बंद पाडली होती ना?
२) नवी पाच दारांची जिम्नी ४ मीटरच्या आत ठेवली ती आपल्या कराच्या सवलतीसाठीच. म्हणजे तुमचा ५ मिलिमीटरवाला किस्सा भारतातही लागू.

ईएमई_नाना

दुसऱ्यापासून घेतो, कारण तिथं तुम्ही घसरलात. पाच दारांची जिम्नी ३,९८५ मिलिमीटर आहे हे खरं, ४ मीटरच्या १५ मिलिमीटर आत. पण सवलतीला दोन अटी आहेत. लांबी ४ मीटरच्या आत पाहिजे आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत पाहिजे. जिम्नीचं इंजिन १,४६२ सीसी. तेव्हा लांबीची परीक्षा पास, इंजिनाची नापास. छोट्या गाडीची सवलत तिला मिळत नाही. २०२३ च्या जूनमध्ये ती १२ लाख ७४ हजारांपासून सुरू झाली तेव्हा लोक म्हणाले एवढ्याशा गाडीला एवढे? त्यातलं एक कारण हे.

आता उलटण्याचं. १९८५ पासून अमेरिकेत ही गाडी सामुराई नावानं विकायला लागली आणि सुरुवातीला धडाक्यात खपली. १९८८ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकानं चाचणी घेतली, जोरात वळवली तर आडवी होते म्हणाले, आणि 'स्वीकारण्याजोगी नाही' असा शेरा मारला. खप कोसळला. सुझुकीचं म्हणणं, चाचणीच अशी घेतली की ती आडवी व्हावी. १९९६ ला कंपनी कोर्टात गेली, २००४ ला तडजोड झाली. तोवर, १९९५ मध्येच, सामुराईची तिथली विक्री थांबली होती. सरकारनं बंद पाडली नाही, गिऱ्हाईकानं पाठ फिरवली.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू थोड्या खऱ्या. गाडी अरुंद आणि उंच आहे. जुन्या जिप्सीत पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १,२१० मिलिमीटर होतं, १९९३ ला ते १,३०० केलं. ९० मिलिमीटर म्हणजे माझी चार बोटं आणि वर थोडं. पण फरक एवढा की आमचे ड्रायव्हर जुनी आणि नवी डोळे मिटून सांगायचे. कुंभार्ली घाटात तिला कारसारखी फेकू नका म्हणजे झालं. ती कार नाही.

हामामात्सूची_मेधा

हा धागा बघून लॉगिन केलं, पासवर्ड आठवायला वीस मिनिटं गेली.

मी सुझुकीच्या गावात, हामामात्सूत राहते. (सुझुकीत काम करत नाही, आधीच सांगते, नाहीतर सगळे डिस्काउंट विचारतात.) मुख्य कार्यालयासमोर कंपनीचं संग्रहालय आहे. फुकट आहे, आधी नोंदणी करावी लागते. माझे सासरे-सासू सांगलीहून आले होते तेव्हा त्यांना नेलं. सुरुवात गाड्यांनी होत नाही, हातमागांनी होते, कारण कंपनी मुळात मागांची. सासरे विट्याचे, घरात माग होते, ते तिथेच अडकून पडले. जिम्नीपर्यंत पोचायला दुपार झाली.

नानांनी सांगितलेली आत उभी केलेली स्टेपनी मला तेव्हा कळलीच नव्हती. मला वाटलं होतं प्रदर्शनासाठी ठेवली आहे! आज तुमचं वाचून घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या.

५ मिलिमीटरवर भर घालते. आत्ताच्या केई वर्गाची मर्यादा लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८, इंजिन ६६० सीसी. इथल्या आत्ताच्या जिम्नीची लांबी ३,३९५, रुंदी १,४७५, इंजिन ६५८ सीसी. पुन्हा तेच ५ आणि ५. अशा गाड्यांना पिवळी नंबरप्लेट असते. आमच्या गल्लीत निम्म्या पाट्या पिवळ्या आहेत. गल्लीची रुंदी बघितलीत तर कारण विचारणार नाही. समोरून डिलिव्हरीची गाडी आली की आरसे दुमडायचे आणि श्वास आत घ्यायचा.

हामामात्सूत बर्फ पडत नाही म्हटलं तरी चालेल, इथे जिम्नी हौसेची. पण हिवाळ्यात नागानोच्या डोंगराकडे गेलो तेव्हा ती घराघरापुढे दिसली, बंपरला बर्फाचा थर, मागे फावडं. तिथे तिचा कुणी फोटो काढत नाही. आपल्याकडे ट्रॅक्टरचा कोण काढतं?

आणि एक गंमत. भारतात बनणारी पाच दारांची जिम्नी इथे 'नोमाड' नावानं आली. ३० जानेवारी २०२५ ला जाहीर केली. महिन्याला १,२०० विकायचा बेत होता. चार दिवसांत सुमारे ५०,००० नोंदण्या आल्या आणि कंपनीनं नोंदणीच बंद केली. म्हणजे बेताप्रमाणे साडेतीन वर्षांची बेगमी चार दिवसांत. तिला पिवळी पाटी नाही, ती मोठी. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा नोंदणी करून बसलेत. जिन्यात भेटले की वाकून नमस्कार करतात आणि विचारतात, "तुमच्या देशातली माझी गाडी कधी येणार?" जणू मी गुरुग्रामला रोज दोन नट आवळून येते.

पुणेरी_पॅसेंजर

सीसीची चूक मान्य. लेखी देऊ का?

मेधाताई, ही गंमत आपल्याला टोचणारी आहे. इथे शोरूमवाले दसऱ्याला सूट देऊन बोलवत होते आणि तिथे रांग.

ईएमई_नाना

मेधाताई, मागांचं वाचून बरं वाटलं. ओसामू सुझुकी २०२४ च्या नाताळात गेले. आपल्या सरकारनं त्यांना २००७ मध्ये पद्मभूषण दिलं होतं, नंतर २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण. बातमी वाचली तेव्हा मला ते होपचं दुकानच आठवलं.

पॅसेंजर साहेब, खपाचं मला नवल वाटत नाही. आपल्याकडं १२-१३ लाखांत गिऱ्हाईक मागच्या सीटचे पाय मोजतं. लो गेअर कशाशी खातात हे विचारत नाही. आणि विचारावं तरी का, त्याला सोसायटीच्या उतारावरून गाडी काढायची असते.

ओंकार, आता तुझ्या कामाचं. इतिहास पुरे. गाडी बघायला जाशील तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी गुडघ्यावर बस आणि पुढच्या चाकाचा मध्य बघ. तिथं एक गोल चकती असेल, वर दोन खुणा, 'फ्री' आणि 'लॉक'. बहुतेकांना वाटतं आतला दांडा ओढला की चारही चाकं लागली. दांडा ओढून ताकद पुढच्या अॅक्सलपर्यंत येते. ती चाकाला द्यायची की नाही हे चकती ठरवते. फ्रीवर असेल तर आतले रॉड नुसते फिरतात, चाक ढिम्म.

हे मी पुस्तकात नाही शिकलो. नव्वदच्या दशकातला हिवाळा, लडाख, नुब्राच्या बाजूला. एका साहेबांची जिप्सी हुंदरजवळ वाळूत बसली. ड्रायव्हर नवा पोरगा, फोर बाय फोरचा लो गेअर टाकून रेस देतोय. मागची चाकं खड्डा खणतायत, पुढची उभीच. मला वाटलं ट्रान्सफर केस गेला. त्या थंडीत उघड्यावर ट्रान्सफर केस उतरवायचा म्हणजे काय ते विचारू नका. टोचन लावायला दुसरी गाडी दोन तास लांब. शेवटी माझे उस्ताद आले, मालवणकडचे होते, बोलणं कमी. त्यांनी काही विचारलं नाही. हातमोजा काढला, चाकापुढची वाळू हातानं उपसली, चकतीवर फुंकर मारली आणि दोन बोटांनी पिरगळली. खट्. पलीकडं गेले, पुन्हा खट्. पोराला म्हणाले, "आता रेस देऊ नकोस, नुसतो क्लच सोड." गाडी रांगत बाहेर आली, म्हैस चिखलातून उठते तशी. उस्तादांनी हातमोजा घातला आणि मला म्हणाले, "आधी चाकाक विचार, मग पेटयेक." त्या दिवसापासून मी आधी चाकापुढं वाकतो.

ह्याच जातीच्या एका सामुराईनं २००७ मध्ये चिलीत ओहोस देल सालादो ज्वालामुखीवर ६,६८८ मीटरपर्यंत चढाई केली होती. गाडी बरीच फेरफार केलेली, तरी खालचं सगळं हेच.

बाकी तपासणी:

चासी मागच्या शॅकलपाशी (कमानपाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघ. आवाज टणक आला पाहिजे. बद्द आला तर आतून गंज आहे, रंगाला भुलू नकोस.

६० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतंय का ते बघ. लोक चाकं बॅलन्स करून पैसे घालवतात, दोष बहुतेक वेळा पुढच्या नकलच्या (चाक ज्यावर वळतं तो सांधा) बेअरिंगमध्ये असतो. मीसुद्धा रिटायर झाल्यावर घेतलेल्या गाडीत हे केलं. एका गॅरेजवाल्यानं चार टायर गळ्यात मारले, थरथर तशीच. शेवटी स्वतः उघडलं, बेअरिंगचा भुगा निघाला. तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं स्वतःच्या गाडीला विसरलो!

डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून बघू नकोस. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही, वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा हिशोब जुळत नाही, सगळं आवळून बसतं. शेतात घेऊन लाव.

आणि फेरनोंदणी कधीपर्यंत आहे ते कागदावर बघ, तोंडी नको.

मोहर्ली_गेट

इंजिनचा आवाज ते थंड असताना ऐका. मालक आधीच गरम करून ठेवत असेल तर समजून घ्या.

कराडचा_ओंकार

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो. वडीलही आले. नानांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली होती. 'निम्मे बरोबर' एवढंच ऐकू आलं, तेव्हापासून खुश आहेत.

इंजिन गार होतं, आवाज ठीक. चासी टणक वाजली, डावीकडच्या शॅकलपाशी थोडी शंका आहे. स्टिअरिंग थरथरत नाही. चकती बघितली. डाव्या चाकाची फिरली. उजवीकडची हलतच नाही, तिच्यावर पांढऱ्या रंगाचा जाड थर आहे. मालकांना विचारलं तर म्हणाले, "ते काय असतं?" गाडी २००४ पासून त्यांच्याकडं आहे आणि दोनदा रंगवली आहे. म्हणजे वीस वर्षं ती एकाच पुढच्या चाकावर लॉक होत असणार, नाहीतर होतच नसणार.

हे बघून सोडून द्यावी का?

ईएमई_नाना

सोडतोस कशाला? वीस वर्षं न वापरलेला पुढचा अॅक्सल मिळतोय, लोक त्यासाठी जास्तीचे पैसे देतात. ह्याच मुद्द्यावर किंमत मात्र पाड.

चकतीला पान्यानं अजिबात पिळू नकोस, ती मऊ धातूची असते, कान तुटतील. ब्लेडनं कडेचा रंग खरवड. मग गंज सोडवायचं तेल मार, नसेल तर डिझेल चालेल. रात्रभर ठेव. सकाळी गाडी हातानं अर्धा फूट पुढं-मागं ढकल आणि मग दोन बोटांनी बघ. नाही फिरली तर पुन्हा तेल. तरी नाही तर सहा बोल्ट काढून चकतीसकट हब (चाकाच्या मधला भाग) बाहेर येतो, आत ग्रीसचं मेण झालेलं असेल, रॉकेलनं धुवायचं.

खोलशील तेव्हा फोटो टाक. आणि वडिलांना उजवीकडं बसव, चकती फिरली की खट् आवाज येतो, तो त्यांना ऐकू दे.